एबीएसचा दिवा आणि तापल्यावर रुसणारं मॉड्यूल: दुरुस्तीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

गाडी २००३ सालची, युरोपीय बनावटीची पेट्रोल सेडान, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण या घडणीचं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मॉड्यूल त्या काळात निरनिराळ्या गाड्यांत बसत होतं आणि काम सगळीकडे जवळपास सारखंच आहे. अॅल्युमिनियमचा हायड्रॉलिक ठोकळा, त्याच्या एका अंगाला पंपाची मोटर आणि दुसऱ्या अंगाला स्क्रूंनी धरलेली काळ्या प्लास्टिकची पेटी. ती पेटी म्हणजे मॉड्यूल, एबीएसचा इलेक्ट्रॉनिक मेंदू. तुमच्या गाडीत बोनेटखाली असं दिसत असेल, तर या नोंदी कामी येतील.

लक्षण असं: सकाळी गाडी काढली की दिवा नाही. कोल्हापुरातून शिरोलीपर्यंत गेलो की पिवळा एबीएस दिवा लागतो आणि पाठोपाठ लाल ब्रेकचा दिवाही. गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा सगळं ठीक. हायवेवर उशिरा लागतो, शहरात रखडत चाललं की लवकर. म्हणजे उष्णतेशी संबंध नक्की आहे.

नेहमीच्या मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, “दादा, ब्रेक लागतोय न्हवं? मग दिव्याची वायर काढून टाकूया की. किती गाड्या अशाच चालल्यात.” इंजिनच्या कामात या माणसाचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, पण हा सल्ला मी घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. फक्त पिवळा दिवा लागतो तेव्हा एबीएस बंद असतं, साधा ब्रेक लागतो, हे खरं. पण पिवळ्याबरोबर लालही लागला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असते. या गाडीत मागच्या चाकांचा दाब आवरायला जुन्या पद्धतीचा यांत्रिक व्हॉल्व्ह नाही, ते काम हेच मॉड्यूल करतं. ते बंद असताना ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडीचा पार्श्वभाग फिरतो. शिवाय तोच लाल दिवा ब्रेक ऑईल कमी झाल्याचं आणि हँडब्रेक ओढलेला असल्याचंही सांगतो. तो काढला की तिन्ही इशारे एकदम गेले.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर फक्त तपासणीसाठी काढायची, आणि तीही हळू, असं ठरवलं.

१२ फेब्रुवारी

माझ्याकडे इंजिनचे कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे आकडे) वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आहे. तो एबीएसपर्यंत पोचतच नाही. “एकही दोष नाही” असं दाखवून मोकळा होतो, कारण तो फक्त इंजिनशी बोलतो. एबीएस वाचणारा स्कॅनरच लागतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये दर वेळी ४०० रुपये देऊन वाचून घेतलं.

दोन कोड मिळाले. एक पंपाच्या मोटरच्या सर्किटचा, ‘अधूनमधून येणारा’ अशा शेऱ्यासह. दुसरा डाव्या मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. कोड पुसून गाडी चालवली. थंड असताना काही नाही. तापल्यावर मात्र, उभी गाडी सुरू करून वेग ताशी २० किमीच्या आसपास पोचला की लगेच मोटरचा कोड. याचं कारण असं की गाडी सुटल्यावर त्या वेगाला मॉड्यूल स्वतःच पंपाची मोटर क्षणभर फिरवून पाहतं. बोनेटकडे कान दिला तर ‘घुर्र’ असा बारीक आवाज येतो. दिवा लागतो त्या वेळी तो आवाज येत नाही. ही खूण पुढे फार उपयोगी पडली, तुम्हीही ती आधी कानात बसवून घ्या.

सेन्सरचा कोड मात्र नंतर, खड्ड्यांच्या रस्त्यावर आला. तेव्हाच शंका आली की हे दोन निरनिराळे आजार आहेत.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवर दिसणारा मॉड्यूलचा पार्ट नंबर आणि कोडिंगचा आकडा (मॉड्यूलला गाडीची रचना सांगणारा) फोटो काढून ठेवा. मॉड्यूल बदलावं लागलं तर नव्यात हाच आकडा भरायचा असतो.

१६ फेब्रुवारी

आधी सेन्सर, कारण तो सोपा. गाडी जॅकवर, खाली स्टँड, पुढच्या चाकांना दगडाची आडण.

या गाडीचे सेन्सर जुन्या पद्धतीचे, चुंबक आणि तारेचं वेटोळं. प्लग सोडवून मल्टिमीटर लावला: १.१ किलोओहम, म्हणजे ठीक. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं तर थोडे मिलिव्होल्ट दिसले, तेही ठीक. नव्या गाड्यांतल्या सेन्सरवर ही ओहमची तपासणी करू नका. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओहम मोजून त्यातून काही कळत नाही.

मग वायर हातात धरून हलवत मीटरकडे पाहत बसलो. सस्पेन्शनच्या आर्मजवळ वायर हलली की आकडा अनंतावर जायचा. तिथे वायर घासून आतली तांब्याची तार जवळजवळ तुटलेली. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा काळा कीसही साचलेला होता. सेन्सर नव्याने घेण्याची गरज नव्हती. वायर मागे कापून सोल्डर केली, वरून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवली, क्लिप बदलून वायर आर्मपासून दूर बांधली. १२० रुपये.

सेन्सर हबमधून बाहेर काढायचा मोह आवरला. इतक्या वर्षांत तो गंजून तिथे रुतलेला असतो आणि उपसताना त्याचं प्लास्टिकचं डोकं तुटतं. टोक साफ करायला चाक आणि ड्रम काढून ब्रशने जमलं.

सेन्सरचा कोड त्यानंतर आलेला नाही. मोटरचा येतोच आहे.

१९ फेब्रुवारी

आता मॉड्यूल. पण त्याआधी त्याच्याकडे जाणारी वीज. हा भाग सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते चांगली मॉड्यूलं सर्वांत जास्त इथेच भंगारात जातात.

एबीएसला दोन जाड फ्यूज असतात, एक व्हॉल्व्हसाठी आणि एक मोटरसाठी. या गाडीत ३० आणि ४० अँपियरचे, बॅटरीच्या डोक्यावरच्या पेटीत. दोन्ही शाबूत. मॉड्यूलचा मोठा प्लग काढून त्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं: १२.६. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, वीज येतेय, मॉड्यूलच गेलं.

मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या वायरच्या एका केसातूनही तो १२.६ दाखवेल. मोटर सुरू होताना मात्र दहा-वीस अँपियर लागतात. म्हणून भार देऊन मोजायचं. हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब घ्या, दोन्ही फिलॅमेंट एकत्र जोडा, म्हणजे साधारण साडेनऊ अँपियर ओढले जातात. तो बल्ब प्लगच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) पिनांत लावायचा, पण पिना फाकवायच्या नाहीत, योग्य जाडीच्याच पट्ट्या वापरायच्या. बल्ब पेटलेला असताना पुन्हा मोजायचं.

माझ्याकडे बल्ब लावल्यावर ११ व्होल्टच उरले. मग मीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनेला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं: १.४ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं. म्हणजे बॅटरीकडे परतीचा रस्ताच खराब.

अर्थची वायर शोधत गेलो तर ती बॅटरीच्या ट्रेखाली चेसिसला बोल्टने धरलेली. कधीतरी बॅटरीचं अॅसिड सांडलेलं, बोल्टभोवती हिरवट-पांढरी पूड, खाली पत्रा पोखरलेला. ट्रे काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने अॅसिड मारलं, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला, नवा बोल्ट लावला आणि वरून ग्रीस. १५० रुपये आणि अख्खी दुपार, कारण जुना बोल्ट सुटता सुटत नव्हता. पुन्हा मोजलं तेव्हा फरक ०.०६ व्होल्ट.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन आलो. दिवा नाही.

२ मार्च

आठवडाभर दिवा लागला नाही. काम झालं असं धरून चाललो होतो. काल दुपारी, ऊन चढलेलं असताना, लक्ष्मीपुरीच्या गर्दीत अडकलो आणि दोन्ही दिवे लागले. कोड तोच, मोटरचा.

अर्थची दुरुस्ती वाया गेली असं मी मानत नाही. खराब अर्थमुळे मॉड्यूल जास्त तापत असणार, आणि ती तशीच ठेवून मॉड्यूल दुरुस्त केलं असतं तर ते पुन्हा गेलं असतं. पण मूळ दोष अजून बाकी आहे.

५ मार्च

मोटर की मॉड्यूल, हे आज निकालात काढलं.

या घडणीत मोटरची दोन तारांची वायर बाहेरून येऊन मॉड्यूलला लागते. तो छोटा प्लग काढला. मोटरचा ओहम मोजला: मीटरच्या वायरी धरून ०.६. मग बॅटरीवरून, मध्ये ३० अँपियरचा फ्यूज घालून, मोटरला थेट वीज दिली, फक्त दोन सेकंद. ‘घुर्र’ आवाज लगेच, फ्यूज शाबूत. थंड आणि गरम, दोन्ही वेळा. मोटर निर्दोष.

ही तपासणी कंटाळा करून टाळू नका. मोटर जाम असेल तर ती जास्त करंट ओढून मॉड्यूलमधली जोडणी पुन्हा जाळते, मग नवं मॉड्यूल घातलं तरी तेच होणार.

यानंतर उष्णतेची परीक्षा. थंड इंजिन, प्लग परत लावलेले, दिवा नाही. घरातला हेअर ड्रायर लांब वायरवरून आणून मॉड्यूलच्या पेटीवर दहा मिनिटं धरला. गाडी फाटकाबाहेर काढून वीसच्या वेगाला नेली आणि दिवा लागला. मग बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून, पाणी गळणार नाही अशी काळजी घेऊन, पेटीवर ठेवले. कोड पुसला, पुन्हा तीच फेरी: दिवा नाही. ड्रायर, दिवा. बर्फ, दिवा नाही. इंजिन पूर्ण वेळ थंडच होतं. आता मॉड्यूलवर बोट ठेवायला काही हरकत नाही.

९ मार्च

पर्याय आणि भाव.

नवं संपूर्ण युनिट, ठोकळ्यासकट: ७८,००० रुपये, मागवून आणायला दीड-दोन महिने, कोडिंगचे पैसे वेगळे. गाडीची आजची किंमत पाहता हा विचार सोडून दिला.

जुन्या गाडीतून काढलेलं: मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात फोनवरून चौकशी केली, १४,००० सांगितले. फोटोत पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं. त्या अक्षराने फरक पडतो, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांपैकी एक ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची असू शकते आणि ती आपल्या गाडीत कोडिंग घेणारच नाही. दुसरं असं की ठोकळ्याची सहाही तोंडं उघडी होती. त्यात धूळ, ओल, गंज काय गेलं असेल ते बाहेरून कळत नाही. ब्रेकमध्ये अशी वस्तू मी बसवणार नाही. फक्त पेटी सुटी मिळत असेल आणि नंबर अक्षरासकट जुळत असेल, तर जुनी घ्यायला माझा विरोध नाही.

कुरियरने पाठवून दुरुस्ती: ९,५०० रुपये. हा वाजवी मार्ग आहे, आणि काही मॉड्यूलांसाठी हाच एक मार्ग आहे. ते असं ओळखायचं: काही पेट्यांत साधा हिरवा सर्किट बोर्ड असतो आणि प्लगच्या पिना त्यावर सोल्डर केलेल्या असतात. तिथे सोल्डरला भेग पडते आणि ती घरी दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात चिनी मातीची पांढरी पट्टी असते आणि पिनांपर्यंत केसाहून थोड्या जाड अॅल्युमिनियमच्या तारा गेलेल्या असतात, वरून पारदर्शक जेल. त्या तारा साध्या सोल्डरला धरतच नाहीत, कारखान्यात अल्ट्रासॉनिक कंपनाने त्या चिकटवलेल्या असतात. तो प्रकार निघाला तर झाकण पुन्हा बंद करा आणि सरळ दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा.

माझ्या पार्ट नंबरची उघडलेली पेटी मी फोटोंत पाहिली, साधा बोर्ड आहे. आपलीच पेटी दुरुस्त करायचा आणखी एक फायदा म्हणजे कोडिंग आतच राहतं.

१५ मार्च

पेटी काढणं. ऐकताना सोपं वाटतं: बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लग काढा, स्क्रू सोडा, पेटी ओढा. ब्रेकच्या पाइपांना हात लावायची गरज नाही. प्रत्यक्षात पेटीचं तोंड आतल्या पत्र्याकडे, मध्ये जेमतेम दोन बोटं जागा. टी-२० चे (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू दिसतात, पण स्क्रूड्रायव्हर शिरत नाही.

उद्यमनगरातल्या एका कारागिरांनी मार्ग काढून दिला. टी-२० चं बिट घेतलं, त्याचा मागचा षटकोनी भाग पाव इंचाचा असतो. ते बिट ग्राइंडरवर कापून बोटाच्या पेराएवढं आखूड केलं आणि पाव इंची छोट्या रिंगपान्यात बसवून ब्रेझिंगने (पितळ वितळवून जोडून) पक्कं केलं. बिट, पाना आणि मजुरी मिळून ३५० रुपये. हा पाना आता माझ्या हत्यारांच्या पेटीत कायमचा आहे, ज्याला लागेल त्याने न्यावा.

त्याने वरचे स्क्रू निघाले. खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूसाठी ठोकळा ब्रॅकेटमधून सोडवून थोडा कलवावा लागला, आणि एक पाइप इतका ताठ होता की तो सोडल्याशिवाय ठोकळा कलेना. पाइप वाकवून पाहू नका, त्याला मुरड पडली तर संपूर्ण पाइप बदलावा लागेल. पाइपाच्या नटाला साधा उघडा पाना लावू नका. ११ मिमीचा फ्लेअर नटचा पाना घ्या, नाहीतर नटाचे कोपरे गोल होतात.

पाइप सोडण्याआधी ब्रेकचं पॅडल थोडं दाबून सीटला लाकूड लावून तसंच धरून ठेवलं. पॅडल तेवढं दाबलेलं असलं की मास्टर सिलिंडरची (पॅडलच्या जोराने ब्रेकमध्ये दाब तयार करणारा सिलिंडर) ऑईलच्या डब्याकडची तोंडं बंद होतात आणि डबाभर ऑईल खाली सांडत नाही. बॅटरी आधीच काढलेली असते हे बरं, नाहीतर ब्रेकलाइट तितका वेळ पेटत राहिला असता. तरी जे थोडं ऑईल सांडलं ते लगेच पाण्याने धुतलं, ते रंग खातं. सुटलेल्या पाइपाला आणि ठोकळ्याच्या तोंडाला रबरी टोप्या.

खालचा स्क्रू गंजलेला, त्याचं डोकं घासलं गेलं. आजूबाजूला कापडी पट्टी गुंडाळून, चुंबक शेजारी धरून, छोट्या डिस्कने डोक्यावर खाच पाडली आणि चपट्या बिटने काढला. संध्याकाळ त्यातच गेली.

पेटी सरळ ओढायची, तिरकी करायची नाही. आत व्हॉल्व्हच्या कॉइली असतात आणि ठोकळ्यावर व्हॉल्व्हच्या दांड्या उभ्या राहतात. पेटी निघाल्यावर त्या दांड्यांवर स्वच्छ पिशवी बांधून टाकली.

१६ मार्च

झाकण चिकटवलेलं. छोट्या मशीनवर पातळ डिस्क लावून कडेने फिरवली, एका वेळी केसभर खोल. डिस्कवर खडूने खूण केली होती, २ मिमीच्या पुढे जायचं नाही म्हणून. कोपऱ्यात मशीन पोचत नव्हतं, तिथे हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा हाताने. भुसा आत जाऊ नये म्हणून पेटी उलटी धरून काम केलं, शेजारी व्हॅक्यूम क्लीनर चालू.

आत हिरवा बोर्ड निघाला. काम सुरू करण्याआधी मनगटाला अर्थची पट्टी बांधली.

पिनांभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश फिरवला, मग भिंग आणि तिरका प्रकाश. मोटरच्या दोन जाड पिनांभोवती, सोल्डरमध्ये, बांगडीसारखी गोल काळी भेग. नुसत्या डोळ्यांना फक्त मळ वाटतो. मोठ्या प्लगच्या अर्थ पिनेलाही तशीच, थोडी बारीक. लाकडी काडीने पिना हलवल्यावर मोटरची एक पिन सोल्डरच्या आत स्पष्ट हलत होती. जास्त करंट वाहणाऱ्या पिना तापतात, फुगतात, थंड होतात, आणि वर्षानुवर्षं तेच चाललं की सोल्डर फाटतं. अर्थ पिनेची भेग पाहून बॅटरीच्या ट्रेखालचा तो बोल्ट आठवला, पण एकाने दुसऱ्याला बिघडवलं असं खात्रीने म्हणता येणार नाही.

नुसतं वरून गरम करून भेग मिटवू नका. जुनं सोल्डर काढायलाच हवं. आधी घरातली २५ वॉटची सोल्डरिंग गन लावली. तिने काही होईना, जाड पिन सगळी उष्णता ओढून घेत होती आणि सोल्डर नुसतं चिकट होत होतं. असं अर्धवट गरम करत राहिलं तर बोर्डावरचा तांब्याचा पदर सुटतो. थांबलो, ६० वॉटची आणली, रुंद चपटं टोक लावलं (टोकाचे २५० रुपये), ३८० अंशावर ठेवली. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून तांब्याच्या जाळीने जुनं सोल्डर उचललं, पिन पांढरी चमकेपर्यंत घासली, मग ६०-४० चं नवं सोल्डर, पिनेभोवती सुबक उतार येईल एवढं. भेग नसलेल्या जाड पिनांनाही तेच केलं. फ्लक्स, जाळी, अल्कोहोल मिळून ५२० रुपये. बारीक पार्टांना हात लावला नाही.

२२ मार्च

झाकण लगेच चिकटवलं नाही. पेटी बाहेर तपासण्यासाठी माझ्याकडे काही साधन नाही, गाडीतच पाहावं लागतं. म्हणून झाकण चिकटपट्टीने तात्पुरतं बंद करून पेटी ठोकळ्यावर बसवली. दांड्या कोरड्या कापडाने पुसून, पेटी सरळ खाली, कॉइली जागेवर बसल्या की ती अलगद टेकते. टेकत नसेल तर स्क्रूने ओढून बसवू नका, एखादी कॉइल तिरकी झालेली असते. स्क्रू नवे घेतले, १४० रुपये, आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

पाइप लावला. ब्रेकची एअर (पाइपांत शिरलेली हवा) अजून काढायची असल्याने गाडी रस्त्यावर नेली नाही. स्कॅनरवरून मोटर चालवण्याची आज्ञा दिली: घुर्र. हेअर ड्रायर दहा मिनिटं, पुन्हा आज्ञा: घुर्र. ड्रायर वीस मिनिटं, पेटी हाताला चटका देईल एवढी गरम: घुर्र. वायरी हलवून पाहिल्या, काही फरक नाही.

पेटी काढून झाकण बंद केलं. यासाठी सिलिकॉन निवडताना वास घ्या. बाजारात मिळणाऱ्या साध्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो, ती सुकताना आम्ल सोडते आणि ते तांबं गंजवतं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली ट्यूब घ्या. कोल्हापुरात ती शोधायला चार दुकानं पालथी घालावी लागली, ३१० रुपये. कडेने भरून, हलक्या वजनाखाली दोन दिवस सुकू दिली.

२९ मार्च

उद्या पाडवा, म्हणून आज संपवायचंच होतं.

एअर काढणं. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑईल, एक लिटर, ६५० रुपये. जुनं चहाच्या रंगाचं निघालं. ऑईल हवेतली ओल शोषतं: कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल घेतल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. घाटात सतत ब्रेक दाबणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑईल आहे, ते यात घालू नका.

परदेशी व्हिडिओंत पहिलं चाक उजवं मागचं सांगतात, कारण त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडे आणि मास्टर सिलिंडरही डावीकडे. नियम आहे सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे सिलिंडर उजवीकडे, म्हणून माझ्या गाडीत डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

पॅडलवर भाचा बसला होता. “मामा, दाबू?” “दाब. धरून ठेव. सोडू नको.” निपल (चाकाजवळचा, एअर सोडायचा स्क्रू) बंद केल्याशिवाय पॅडल सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याला पक्की सांगितली. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला होता, पॅडल पार तळाला जाऊ नये म्हणून. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या टप्प्याच्या पुढचा भाग खरबरीत झालेला असतो. रबर तिथे घासलं की फाटतं, आणि एबीएस दुरुस्त करता करता मास्टर सिलिंडरचा खर्च उभा राहतो.

पॅडल पहिल्या फेरीत थोडं मऊ राहिलं. स्कॅनरमध्ये एबीएस ठोकळ्याची एअर काढण्याचा पर्याय होता, तो चालवला. पंप चालू असताना पुढच्या निपलांतून बारीक फेस आला, मग बंद झाला. पॅडल कडक. निपलांच्या नव्या रबरी टोप्या ८० रुपये. ब्रेक धरून पाच मिनिटं बसलो, पॅडल खाली सरकलं नाही. प्रत्येक नट कोरड्या कागदाने पुसून पाहिला, ओल नाही.

६ एप्रिल

चाचणी. शहराबाहेर एका मोकळ्या प्लॉटिंगच्या जागेत, खडीवर, आजूबाजूला माणूस-जनावर नाही हे चालत फिरून पाहून. आधी ताशी १५, मग ३० वरून पूर्ण ब्रेक. पॅडलमध्ये धडधड, खडीवर चाकाच्या सलग ओढीऐवजी तुटक तुटक पट्टे, गाडी सरळ रेषेत थांबली. चारही बाजूंना उतरून पट्टे पाहिले, मागची चाकं आधी जाम झालेली नाहीत.

दुपारी भर उन्हात पन्हाळ्याला वर जाऊन खाली उतरलो, मग मुद्दाम गर्दीतून रंकाळ्याच्या बाजूने घरी. दिवा लागला नाही.

खर्च: स्कॅनचे दोन वेळचे ८०० धरून साधारण साडेतीन हजार रुपये. वेळ सगळ्यात जास्त गेला तो स्क्रूपर्यंत पोचण्यात आणि गंजलेल्या बोल्टांत. प्रत्यक्ष सोल्डरिंग एका सकाळचं.

पुन्हा करायचं झालं तर क्रम हा ठेवीन: कोड, मग भार देऊन वीज आणि अर्थ, मग मोटर, मग उष्णतेची परीक्षा, आणि त्यानंतरच स्क्रूला हात. बल्बची तपासणी सुरुवातीलाच उरकली असती तर फेब्रुवारीतले दिवस वाचले असते.

१५ जून

या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. महिनाभर गाडी रोज भिजते आहे. आज मोठा प्लग काढून पाहिला: आत ओल नाही, पिनांवर हिरवा थर नाही. प्लगच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावलं होतं, ते जागेवर आहे. झाकणाच्या सिलिकॉनची कड नखाने तपासली, कुठे सुटलेली नाही. अर्थच्या बोल्टवरचा फरक बल्ब लावून पुन्हा मोजला, ०.०७ व्होल्ट. हे मोजमाप दर पावसाळ्याच्या आधी करायचं ठरवलं आहे.

मिस्त्रींकडे गेल्या आठवड्यात अशाच लक्षणाची दुसरी गाडी आली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. बल्ब लावून मोजलं, अर्थमध्ये पाऊण व्होल्ट जात होता. वायर साफ केल्यावर दिवा गेला आहे. उष्णतेची परीक्षा त्या गाडीवर अजून केलेली नाही. ती झाल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती द्यायची नाही, असं आमचं ठरलं आहे.